पलूसची वाइन मिरजेत घरपोच का येत नाही? वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमध्ये दारू-वाइन घरपोच मागवण्याबद्दल बरेच प्रश्न होते, म्हणून बाकीचे (वाटणीपत्र, सातबारा, भाडेकरू) पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि यावेळी हाच विषय घेतलाय. नावं नेहमीसारखी छापत नाही.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी रिटायर शिक्षक, मिरजेत राहतो. मुलगा न्यूयॉर्क राज्यात असतो, गेल्या वर्षी आम्ही दोघं चार महिने त्याच्याकडं होतो. एक दिवस दुपारी घरात मी एकटाच, बेल वाजली, कुरिअरवाला खोकं घेऊन उभा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं की आत दारू आहे, २१ वर्षांच्या वरच्या माणसाची सही लागेल. मी ६८ वर्षांचा, डोक्यावर एक केस काळा नाही, तरी त्यानं ओळखपत्र मागितलं, पासपोर्ट दाखवला तेव्हा खोकं हातात दिलं. कॅलिफोर्नियातल्या एका वायनरीनं थेट पाठवलेली वाइन होती. मी पीत नाही, पण मनात आलं की आपल्या पलूसला वाइन पार्क आहे, तिथून मिरज तास-सव्वातासाचा रस्ता, मग तिथली बाटली अशी घरी का येऊ शकत नाही? कुणी पाठवली तर गुन्हा होतो का?

उत्तर : काका, आधी सरळ उत्तर देते. हो, गुन्हा होतो. आपल्याकडं ज्या जागेचं लायसन आहे त्याच जागेवरून विक्री करायची आणि माल तिथून हलवायचा तर त्याचा पास लागतो, वायनरीनं उठून कुरिअरच्या हातात खोकं दिलं असं चालत नाही. कुरिअरवालाही अडकतो आणि मागवणाराही.

आता का, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही तिथलं डोळ्यांनी बघून आलाय. लोकांना वाटतं अमेरिकेत सगळं मोकळं असेल, पण दारूच्या बाबतीत तो देश आपल्यासारखाच आहे, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. तिथं १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठवली ती घटनेच्या एकविसाव्या दुरुस्तीनं, आणि त्याच दुरुस्तीत दुसऱ्या कलमात लिहून ठेवलं की राज्याच्या कायद्याच्या विरोधात त्या राज्यात दारू आणायची नाही. म्हणजे बंदी उठली पण चावी राज्यांकडं गेली. मग बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्या केल्या, बनवणारा वेगळा, होलसेलवाला वेगळा, दुकानदार वेगळा, आणि बनवणाऱ्यानं थेट गिऱ्हाइकाला विकायचं नाही. आपल्या द्राक्षाच्या व्यापारात दलाल टाळून चालत नाही तसंच, फक्त तिथं तो दलाल कायद्यानंच मधे बसवला होता.

मोठ्या कंपन्यांना याचा त्रास नव्हता, होलसेलवाले त्यांच्या मागं लागायचे. मेला तो छोटा बागायतदार. वर्षाला थोड्या बाटल्या काढणाऱ्याचा माल होलसेलवाला कशाला उचलेल? व्हर्जिनियातल्या ह्वानिटा स्वीडनबर्ग नावाच्या बाई अशाच एक छोट्या वायनरीवाल्या. त्यांच्याकडं येऊन वाइन आवडलेली गिऱ्हाइकं घरी न्यूयॉर्कला गेल्यावर परत मागवायची म्हटली तर पाठवता येत नव्हती, पण न्यूयॉर्कच्याच वायनरीला मात्र स्वतःच्या राज्यात पाठवायची मुभा होती. मिशिगन राज्यातही तसाच दुजाभाव. दोन्ही प्रकरणं एकत्र होऊन सुप्रीम कोर्टात गेली आणि मे २००५ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल आला, तो ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड म्हणून ओळखला जातो. कोर्ट काय म्हणालं तर राज्याला दारूवर नियंत्रण ठेवायचा हक्क आहे, पण आपल्या गावच्याला हो आणि बाहेरच्याला नाही असं करता येणार नाही, द्यायचं तर दोघांना द्या नाहीतर दोघांनाही बंद करा.

तो निकाल मला वकील म्हणून फार आवडतो, कारण त्यात दारू चांगली की वाईट या वादात कोर्ट शिरलंच नाही, नियम सगळ्यांना सारखा लागतोय का एवढंच बघितलं. राज्यांनी तर्क दिला होता की घरपोच चालू केलं तर अल्पवयीन पोरं मागवतील आणि टॅक्स बुडेल. कोर्टानं विचारलं, मग तुमच्याच राज्यातल्या वायनरीकडून पोरं मागवत नाहीत का? याला उत्तर नव्हतं.

त्यानंतर बहुतेक राज्यांनी बंद करण्याऐवजी चालू केलं, पण अटी घालून, आणि तुम्ही दारात जे बघितलं त्या त्याच अटी. पाठवणाऱ्या वायनरीनं गिऱ्हाइकाच्या राज्याचं परमिट काढायचं, टॅक्स त्या राज्याला भरायचा, हिशोब द्यायचा, खोक्यावर स्पष्ट छापायचं, आणि देताना मोठ्या माणसाची सही घ्यायची. न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला वर्षाला जास्तीत जास्त ३६ केस, एक केस म्हणजे साधारण १२ बाटल्या. खाजगी कुरिअर कंपन्यासुद्धा करार केलेल्या लायसनवाल्याचंच पार्सल घेतात, तुमचा मुलगा स्वतः उठून मित्राला बाटली पाठवू शकत नाही, आणि सरकारी पोस्टातून तर दारू पाठवायलाच बंदी. युटासारख्या राज्यात अजूनही हे खोकं दारात येत नाही. आणि हा निकाल वायनरीपुरता, बाहेरच्या राज्यातल्या दुकानांनी पाठवायचं का यावर तिथं अजून भांडणं चालू आहेत.

आता आपल्याकडचं. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीत आठव्या नंबरला मादक पेयं आहेत, बनवणं, बाळगणं, वाहतूक, खरेदी, विक्री सगळं. जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू त्याच्या बाहेरच ठेवली. शिवाय कलम ४७ सांगतं की राज्यानं दारूबंदीकडं जायचा प्रयत्न करावा. आपला महाराष्ट्राचा कायदा १९४९ चा, त्याचं नावच दारूबंदी कायदा. तो सुरू होतो बंदीपासून, आणि लायसन, परमिट, पास हे सगळे त्या बंदीला दिलेले अपवाद आहेत. आपण बोर्ड वाचतो ना परमिट रूम म्हणून, तो शब्द तिथूनच आला, परमिट असलेल्यानं बसून प्यायची जागा. दुकानात बाटली घेताना एक दिवसाचं परमिट फाडायचा नियमही त्याच कायद्यातला, कुणी फाडतं कुणी नाही ते सोडा.

आणि मुख्य फरक इथं आहे काका. अमेरिकेतल्या त्या बाईंना राज्या-राज्यातल्या मोकळ्या व्यापाराचा आधार घेता आला. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं १९५१ मध्ये बलसारा प्रकरणात मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा बहुतांशी उचलून धरला, आणि १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या प्रकरणात तर स्वच्छच सांगितलं की दारूचा धंदा करायचा मूलभूत हक्क कुणालाच नाही, सरकार देईल तेवढाच आणि देईल त्या अटीवर. त्यामुळं पलूसचा वायनरीवाला कोर्टात जाऊन मला घरपोच विकू द्या म्हणाला तर त्याच्या हातात धरायला दोरीच नाही. बदल व्हायचा तर तो सरकारनं नियम करूनच होईल.

असा नियम एकदा झाला होता हे तुम्हाला आठवत असेल. लॉकडाऊनमध्ये दुकानं उघडली तशा रांगा लागल्या, ८ मे २०२० ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना सुचवलं की गर्दी टाळायला ऑनलाइन किंवा घरपोच विक्रीचा विचार करा, आणि मेच्या मध्यावर महाराष्ट्रानं दुकानदारांना परमिटवाल्यांच्या घरी बाटली पोचवायला परवानगी दिली. पण ती लायसनवाल्या दुकानातून, आणि त्या परिस्थितीपुरती काढलेली सोय होती. वायनरीतून थेट घरी असा रस्ता तेव्हाही नव्हता. झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगाल इथं त्याच काळात मोबाईल ॲपवरून सुरू झालं, तिथंही मधे दुकान होतंच.

माझं मत विचाराल तर वाइनला हा रस्ता मिळावा असं मला वाटतं, पण तुमच्या दारात त्या पोरानं जसा पासपोर्ट बघितला तसं आपल्याकडं खरोखर बघितलं जाणार असेल तरच. आपल्याकडं पार्सल वॉचमनकडं ठेवतात, शेजारणीकडं देतात, दहावीतल्या पोराच्या हातात देतात. ओटीपी सांगितला की झालं. ही सवय आहे तोवर मी आग्रह धरणार नाही.

प्रश्न : मॅडम, गोव्यातून येताना मित्रानं बिलासकट चार बाटल्या आणल्या, बिल असलं की चालतं म्हणाला. आता कर्नाटकातला एकजण पार्सलनं पाठवतो म्हणतोय, मिरजेपासून बॉर्डर तर काय जवळच आहे. मागवू का? (कुपवाड)

उत्तर : नको. गोव्याच्या दुकानाचं बिल म्हणजे तिथला टॅक्स तिथं भरल्याचा कागद, महाराष्ट्रात आणायची परवानगी नव्हे. "विक्री फक्त गोवा राज्यात" असं बाटलीवर लिहिलेलं असतं ते शोभेला नाही. आपल्या कायद्याच्या कलम ६५ खाली बाहेरून आणणं, वाहतूक करणं याला तुरुंग आणि दंड दोन्ही आहे, आणि ज्या गाडीतून आणली ती गाडीही जप्त होऊ शकते. बाटलीमागं वाचलेले दोनशे रुपये आणि गाडी सोडवायला कोर्टाच्या खेपा, हा हिशोब मी ऑफिसात बसून खूप जणांना करून दाखवलाय. परदेशातून विमानानं येताना माणशी दोन लिटर ड्युटी-फ्री असते तो कस्टमचा नियम आहे, त्याचा आणि गोवा-कर्नाटकचा काही संबंध नाही.

प्रश्न : ताई, आमची तासगाव भागात तीन एकर बाग हाय. दरवर्षी रेट पडला की बेदाणा करतो, बेदाणा कुरिअरनं दिल्लीला पण पाठवलाय, पैसे ऑनलाइन आले. पोरगं शिकलंय, ते म्हणतंय आपण छोटी वायनरी काढू आणि इन्स्टावरनं डायरेक्ट गिऱ्हाइकाला विकू. सुरुवातीला घरीच थोडी करून बघू म्हणतोय. कायद्यात बसतंय का?

उत्तर : दादा, पोराची धमक चांगली आहे, पण घरी करून बघायचं ते आधी थांबवा. लायसनशिवाय एक कॅन जरी आंबवला तरी तो कायद्याच्या नजरेत हातभट्टीवाल्याच्या शेजारीच बसतो, द्राक्षाची आहे, घरापुरती आहे, विकली नाही, यातलं काही ऐकून घेत नाहीत. तोच घड वाळवला की बेदाणा, कुणालाही पाठवा कोण विचारत नाही, आणि तोच घड ठेचून आंबवला की राज्य उत्पादन शुल्क खात्याचा विषय. अन्याय वाटतो मला कळतंय, पण आहे हे असं आहे.

दुसरं म्हणजे तुमची बाग कुठली? सोनाका, थॉमसन, माणिक चमन असेल तर ती खायची आणि बेदाण्याची द्राक्षं. वाइनची द्राक्षं वेगळी, मणी बारका, बी असलेली, साल जाड, शिराज, कॅबर्ने, शेनिन ब्लाँ असली नावं. त्यासाठी बाग नव्यानं लावावी लागते आणि ती खायला कोण घेत नाही, म्हणजे वायनरीनं उचललं नाही तर माल झाडावरच. आपल्या भागात एकेकाळी वाइनची द्राक्षं लावून करार मोडल्यावर बागा काढलेले शेतकरी मला माहितीयत, त्यांना भेटा, पोरालाही घेऊन जा.

लायसन काढून करायचं म्हटलं तर रस्ता आहे. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, त्यातनंच आपल्याकडं पलूसला आणि नाशिककडं विंचूरला वाइन पार्क झाले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या. नाशिकनं त्याचं सोनं केलं, कारण तिथं मुंबई-पुण्याचा माणूस शनिवार-रविवारी येऊन वायनरीत बसून चव बघतो, बाटली घेऊन जातो. वायनरीच्या आवारात लायसन घेऊन किरकोळ विक्री करता येते, छोट्या माणसाला गिऱ्हाईक थेट भेटायची कायदेशीर जागा आज तीच. इन्स्टावरून ऑर्डर घेऊन पार्सल करणं बसत नाही, वर मिरजेच्या काकांना सांगितलं तेच तुम्हालाही लागू.

मधे २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं ठरवलं होतं की हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटात वाइन विकू द्यायची, शेतकऱ्याला फायदा होईल असं कारण दिलं होतं. केवढा गदारोळ झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि शेवटी तो निर्णय अंमलात आलाच नाही. माझं म्हणणं त्यावेळीही हेच होतं आणि आजही आहे, किराणा दुकानात साबणाशेजारी वाइन ठेवण्यापेक्षा शेतकऱ्याच्या वायनरीला मोजक्या बाटल्या, नोंद झालेल्या गिऱ्हाइकाला, वय तपासून पाठवू द्या. दुकानात ठेवली तर फायदा ज्याच्याकडं शेल्फ भरायची ताकद आहे त्या मोठ्या कंपनीचा होतो, थेट पाठवता आली तर तीन एकरवाल्याचा. अमेरिकेत छोट्या वायनऱ्यांनी एवढी वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या त्या याच्यासाठीच. हे तुम्ही द्राक्ष बागायतदारांनी एकत्र येऊन आमदारांपुढं मांडायला पाहिजे, एकट्याचं कोण ऐकणार नाही. तोवर बेदाणा सोडू नका, सांगलीच्या बेदाण्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालाय, ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, पण बेदाणा थेट विकायला दारूसारखं लायसन लागत नाही, पोराची इन्स्टाची हौस तिथं लावा.

प्रश्न : ताई, माझं वय २२. मित्राच्या बर्थडेला नेटवर सांगलीतल्या वाइन शॉपचा होम डिलिव्हरीचा नंबर मिळाला. व्हिस्कीचे १,८०० पाठवले, मग म्हणाला डिलिव्हरी रजिस्टर करायला क्यूआर स्कॅन करा, अजून ९,००० गेले. घरी सांगितलं नाही. तक्रार केली तर दारू मागवली म्हणून माझ्यावरच केस होईल का?

उत्तर : अरे बाळा, आधी १९३० ला फोन लाव, मग पुढचं वाच. सायबर फसवणुकीचा तो सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवायची शक्यता जास्त. बँकेलाही लगेच कळव, स्क्रीनशॉट डिलीट करू नकोस. तुझ्या हातात बाटली आलीच नाही, तू फसवला गेलायस, तक्रारदार म्हणून जा. घरी सांगितलंस तर बरं, एकट्यानं झोप उडवून घेऊ नकोस.

हे लोक खऱ्या दुकानाचं नाव आणि फोटो वापरून नंबर स्वतःचा टाकतात, दुकानदाराला पत्ताही नसतो. लॉकडाऊनमध्ये घरपोच चालू झालं तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की वाइन शॉप घरी देतं, त्याचा हे फायदा घेतात. आणि पैसे घ्यायला, म्हणजे आपल्याला मिळायला, क्यूआर कधीच स्कॅन करावा लागत नाही, स्कॅन केला की आपले जातात. एक अजून, महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्कीसारख्या कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे खऱ्या दुकानानंही तुला ती बाटली द्यायला नको होती.

प्रश्न : ताई, आमचं गाव जत तालुक्यातलं. आम्ही बचत गटाच्या बायकांनी तीन वर्षं धडपडून मतदान घेऊन, आडव्या बाटलीला म्हणजे दुकान बंदच्या चिन्हाला मतं पाडून, गावातलं दुकान बंद केलं. आता मोटरसायकलवरून फोन केला की घरपोच देत्यात, पोरं म्हणत्यात आता ऑनलाइनचा कायदा येणार, तुमच्या आडव्या बाटलीला कोण विचारतंय. खरं हाय का?

उत्तर : आक्का, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. असला कुठला कायदा आज आलेला नाही. मोटरसायकलवरून देतायत ती घरपोच सेवा नव्हे, ती चोरटी विक्री आहे.

तुम्ही जे केलं ते किती अवघड असतं हे बाहेरच्याला कळत नाही. आधी २५ टक्के बायकांच्या सह्या, त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, आणि आडव्या बाटलीला पडलेली मतं गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याच्या वर पाहिजेत, आलेल्यांच्या नव्हे. जतसारख्या भागात अर्ध्या बायका ऊसतोडीला गेलेल्या, त्यांची नावं यादीत असतात आणि त्या आल्या नाहीत की ते मत आपोआप दुकानाच्या बाजूनं मोजल्यासारखं होतं. अशाच एका मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या आवारात सकाळपासून उभी होते, शेवटच्या अर्ध्या तासात कारखान्यावरून टेम्पोत बसून बायका आल्या, कडेवर पोरं, हाताला उसाच्या पानांचे ओरखडे, त्या थोडक्या मतांनी दुकान गेलं. त्यामुळं ऑनलाइन आलं की हे सगळं पुसलं जाईल ही तुमची भीती मला अजिबात खुळी वाटत नाही.

कायद्याच्या बाजूनं सांगायचं तर तुमच्या मतदानानं गावातलं लायसन बंद होतं, पण बाहेरच्या गावच्या दुकानातून मागवण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नसतं. उद्या सरकारनं खरंच घरपोच विक्रीचा नियम केला तर ही फट राहणार. अमेरिकेत काही राज्यांनी थेट पाठवायला परवानगी देताना लिहून टाकलंय की जिथल्या लोकांनी मत देऊन भाग कोरडा ठेवलाय तिथं पार्सल पाठवायचं नाही. केंटकी राज्यात तसं आहे. आपल्याकडंही नियम येणार असेल तर हे वाक्य त्यात पहिल्या दिवसापासून पाहिजे, आणि ते मागायचा हक्क तुमच्याइतका दुसऱ्या कुणाचा नाही. वायनरीला रस्ता द्या असं मी वर लिहिलंय, त्याच्या आधी ही अट.

आता करायचं काय ते सांगते. मतदानाच्या निकालाची आणि दुकान बंद झाल्याच्या आदेशाची प्रत काढून ग्रामपंचायतीत आणि एक गटाच्या पेटीत ठेवा. पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्या की आमच्या गावात घरपोच दारू विक्रीला आमचा विरोध आहे, तो ठराव राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या सांगलीच्या अधीक्षकांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना स्पीड पोस्टनं पाठवा, पोच जपून ठेवा. मोटरसायकलवाल्याचा गाडी नंबर, वार, वेळ वहीत लिहीत जा, चार-पाच नोंदी झाल्या की लेखी तक्रार द्या, पोलीस ठाण्यात एक आणि उत्पादन शुल्क खात्यात एक. एकटीनं जाऊन त्याला अडवू नका, गावातलंच पोरगं असतं, वाद घरात शिरतो. तक्रार गटाच्या नावानं करा, सह्या दहा-बारा जणींच्या घ्या. अर्जाचा मसुदा लागला तर कळवा, मी लिहून देते, फी नको.